निदानाची वाट पाहतांना

हाताच्या बोटांना मुंग्या येतात, पापणी फडफडते, चालतांना एक पाय जरा जड वाटतो. एवढ्या कारणावरून एखादा गृहस्थ आपल्या नेहमींच्या डॉक्टरांकडे जातो आणि ते त्याला मेंदू व मज्जातंतू यांच्या तज्ज्ञाकडे पाठवितात. तज्ज्ञ गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात, तळपायावर रेघ ओढतात, एम्. आर्. आय्. चित्र काढवितात आणि शेवटीं म्हणतात, "आज निश्चित कांहीं सांगतां येत नाहीं. तीन महिन्यांनीं पुन्हा पाहूं." रोगाचें नांव ऐकण्याची तयारी करून आलेला मनुष्य या उत्तरानें अधिकच गोंधळतो. घरीं परततांना एकच शंका त्याच्या मनांत घोळत असते : डॉक्टर कांहीं लपवीत तर नाहींत ना ?

मज्जासंस्थेच्या रोगांचें निदान कसें होतें हें समजल्यावांचून ही शंका फिटावयाची नाहीं. मोडलेलें हाड एका क्ष-किरण चित्रांत दिसतें. हिवताप रक्ताच्या थेंबांत सांपडतो. मज्जासंस्थेच्या पुष्कळ रोगांची गोष्ट तशी नाहीं. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाचेंच उदाहरण पाहण्यासारखें आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील शार्को या वैद्यानें १८६८ सालीं त्याचें पद्धतशीर वर्णन केलें. या रोगांत मेंदू व मज्जारज्जु यांतील तंतूंवरचें आवरण जागोजाग नाश पावतें. २००१ सालीं ठरलेल्या मॅक्डोनाल्ड-निकषांचा पाया असा कीं, ही हानि एकाहून अधिक ठिकाणीं आणि एकाहून अधिक वेळीं झाल्याचा पुरावा मिळावा. २०१७ सालच्या व त्यानंतरच्या सुधारणांनीं कण्यांतील द्रवाच्या परीक्षेसारख्या इतर पुराव्यांनाहि मान दिला व कित्येक रोग्यांची प्रतीक्षा कमी केली; सर्वांची मात्र ती संपली नाहीं.

जेम्स पार्किन्सन यानें १८१७ सालीं लंडन येथें वर्णन केलेल्या कंपवाताचें निदान आजहि मुख्यतः रोग्याची हालचाल पाहूनच होतें, आणि औषधाचा गुण कितपत येतो हें पाहण्यास कांहीं काळ जावाच लागतो. एखाद्या मज्जातंतूला इजा झाली, तर स्नायूंत सुई घालून केलेल्या विद्युत्-परीक्षेंत तिच्या खुणा उमटावयास बहुधा दोन-तीन आठवडे लागतात. त्यापूर्वीं केलेली परीक्षा निर्दोष दिसूं शकते. अर्थात् हातोडी आणि चुंबकीय यंत्र यांच्याप्रमाणें काळ हेंहि मज्जातंतुतज्ज्ञांचें एक साधनच आहे. "पुन्हा पाहूं" हे शब्द तपासणीच्या पुढच्या पायरीचे असतात.

पण या मधल्या काळांत भीति आपलें काम करीत असते. भ्यालेला मनुष्य नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड कमी होतो व बोटांना आणि ओठांभोंवतीं मुंग्या येतात. भीतीच्या वेळीं रक्तांत मिसळणाऱ्या ॲड्रिनॅलिनमुळें निरोगी हातांतहि असणारा सूक्ष्म कंप वाढतो. जागरण व कॉफी यांनीं स्नायु फडफडूं लागतात. अशा स्थितींत तो तासातासाला मूठ आवळून जोर अजमावतो. दमलेला स्नायु थरथरतो, आणि ती थरथर त्याला रोगाचा नवा पुरावा वाटते. रात्रीं अंथरुणांत मोबाइलवर तो एकेका लक्षणाचा शोध घेतो. एका लक्षणाचीं अनेक साधीं कारणें असतात. पण घाबरलेल्या मनाला त्यांतलें सर्वांत भयंकर तेवढेंच खरें भासतें. याचा अर्थ त्याचीं लक्षणें खोटीं असा मुळींच नाहीं. मुंग्या खऱ्याच असतात. मात्र त्या कोठून आल्या हें त्याला एकट्याला ठरवितां येत नाहीं.

म्हणून तज्ज्ञांचा निरोप घेण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्या : कोणकोणत्या शक्यता विचारांत आहेत, पुढील तपासणी कोणती व केव्हां, आणि काय झाल्यास वाट न पाहतां यावें. शरीराची एक बाजू एकाएकीं लुळी पडणें, तोंड वाकडें होणें, वाचा अडखळणें, दृष्टि जाणें, लघवीवरचा ताबा सुटणें किंवा झटका येणें, यांपैकीं कांहीं घडल्यास घटकाभरहि थांबूं नये. पक्षाघातांत रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतां येते.

याखेरीज इतर लक्षणांसाठीं एक वही पुरे. रोज ठराविक वेळीं दोन ओळी लिहाव्या : काय झालें, किती वेळ टिकलें, त्यामुळें कोणतें काम अडलें. वही मिटल्यावर दिवसभर शरीराची झडती घेऊं नये. झोंपेची वेळ, फिरणें व नित्याचा कामधंदा प्रकृतीला झेपेल तितका चालू ठेवावा.

घरांतल्या माणसांचीहि येथें परीक्षाच असते. आई तासातासाला "आतां कसं वाटतंय ?" म्हणून विचारते, तर वडील "तुला कांहीं झालेलं नाहीं, मनाचे खेळ आहेत" म्हणून विषय संपवितात. दोघांचेंहि प्रेम खरें. पण पहिल्यानें भीतीला खतपाणी मिळतें आणि दुसऱ्यानें माणूस एकटा पडतो. "अजून कळलेलं नाहीं हें खरं, पुढच्या वेळीं मी बरोबर येईन," एवढें कोणी म्हटलें तरी त्याचा भार हलका होतो. झोंप व अन्न दोन्हीं सुटूं लागलीं, तर मात्र त्या चिंतेवरच उपचार करून घ्यावे. विचारांना वळण लावणारी मानसोपचार-पद्धति त्यासाठीं उपयोगी ठरली आहे. शिवाय २०२२ सालीं सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेशीं १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें.

तीन महिन्यांनीं तो गृहस्थ पुन्हा तज्ज्ञांपुढें बसेल. कदाचित् रोगाला नांव मिळेल व उपचार सुरू होतील. कदाचित् लक्षणें नांवावांचूनच ओसरलेलीं असतील. कदाचित् आणखी थोडें थांबावें लागेल. त्या दिवशीं जवळची वही तज्ज्ञांच्या उपयोगीं पडेल, आणि मधले तीन महिने तो रोगाच्या भीतींत बुडून न जातां आपल्या घरांत, आपल्या माणसांत राहिलेला असेल.