विश्लेषण : सोसायटीच्या दुरुस्तीचा खर्च फुगवलेला आहे का? समितीतील नव्या सदस्याने नेमके काय तपासावे?

दिवाळी आटोपली की मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकमधील जुन्या इमारतींना बांबूच्या परांच्या लागू लागतात. त्याआधी, ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा होऊन गेलेली असते आणि दुरुस्तीसाठी प्रत्येक सदनिकेमागे किती हजार काढायचे यावर वादही झडलेले असतात. अशा वेळी व्यवस्थापक समितीत नव्याने निवडून आलेल्या सदस्यासमोर पहिल्याच बैठकीत एक तयार कोटेशन ठेवले जाते. पंचवीस-तीस लाखांचा आकडा, खाली शिक्का आणि सोबत एक वाक्य : ‘हाच ठेकेदार दहा वर्षे आपले काम करतोय, माणूस आपल्यातलाच आहे.’ आकडा खटकतो, पण विचारावे तर सचिव काका दुखावतात आणि न विचारावे तर सहीची जबाबदारी अंगावर येते.

प्रश्न विचारणे हा आगाऊपणा ठरतो का?

कायद्याच्या नजरेतून पाहिले तर उलट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार समितीने आपल्या कार्यकाळात घेतलेल्या निर्णयांना सर्व सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. ‘मी नवीन होतो’, ‘ते सगळे सचिवच बघायचे’ हा बचाव पुढे फारसा टिकत नाही. बैठकीत गप्प बसणे म्हणजे संमती, असाच त्याचा अर्थ लागतो.

यातून बाहेर पडण्याचा मार्गही त्याच कायद्यात आहे, पण तो फार थोड्या सदस्यांना ठाऊक असतो. ठराव मान्य नसेल तर सदस्याने आपले विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. ते नोंदले गेले असल्यास त्या निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. शिवाय निर्णयाच्या तारखेपासून ७ दिवसांच्या आत ही विरोधी टिपणी निबंधकांना लेखी कळवता येते. म्हणून पुढच्या बैठकीत मागचे इतिवृत्त ‘वाचले असे समजून’ कायम करण्याची जी प्रथा आहे, ती नव्या सदस्याने तरी पाळू नये.

खर्च मंजूर करण्याचा अधिकार कोणाचा?

छोट्या दुरुस्त्या समिती आपल्या अधिकारात करू शकते. त्याची मर्यादा आदर्श उपविधींमध्ये सभासदसंख्येनुसार दिलेली आहे. निविदा न मागवता किती रकमेपर्यंत काम द्यायचे हे सर्वसाधारण सभा ठरवते. त्यावरच्या कामासाठी निविदा मागवणे, त्या सभेपुढे ठेवणे आणि मंजुरीनंतर ठेकेदाराशी लेखी करार करणे अपेक्षित आहे. मोठे काम तुकड्यांत विभागून प्रत्येक बिल मर्यादेखाली ठेवण्याची युक्ती जुनी आहे. त्यामुळे मागच्या वर्षाच्या खातेवहीत एकाच ठेकेदाराची एकाच महिन्यातील चार-पाच बिले दिसली, तर ती एकत्र बेरीज करून पाहावीत. समितीच्या पदाधिकाऱ्याचा सोसायटीच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असू नये, हेही उपविधींत आहे. ठेकेदार अध्यक्षांचा मेहुणा असेल तर दर रास्त आहे की नाही हा प्रश्न नंतरचा.

कोटेशन वाचायचे कसे?

‘इमारतीची बाहेरून दुरुस्ती व रंगकाम, एकूण रु. २८ लाख’ असे एका ओळीचे कोटेशन असेल तर त्यावर चर्चाच होऊ शकत नाही. पहिली मागणी असावी ती कामनिहाय परिमाणपत्रकाची, म्हणजे ठेकेदारांच्या भाषेत ‘बीओक्यू’ची. त्यात प्रत्येक कामाचे वर्णन, एकक, परिमाण, दर आणि रक्कम वेगवेगळी असते. बहुतेक सभासद दरावर घासाघीस करतात. ‘३२ चे ३० करा’ म्हणतात आणि ठेकेदारही दिलदारपणे करतो. खरी गंमत असते ती परिमाणाच्या रकान्यात.

रंगकामाचे उदाहरण घेऊ. समजा, इमारतीचा बाहेरचा घेर ७० मीटर आणि गच्चीच्या कठड्यापर्यंतची उंची २४ मीटर आहे. गुणाकार केला की १,६८० चौरस मीटर, म्हणजे साधारण १८ हजार चौरस फूट होतात. यातून खिडक्यांची जागा अजून वजा केलेली नाही. कोटेशनमध्ये मात्र २६ हजार चौरस फूट लिहिले आहेत. ३० रुपये दर धरला तरी वरच्या ८ हजार चौरस फुटांचे २ लाख ४० हजार रुपये होतात. दोन रुपयांच्या घासाघिशीतून वाचतात जेमतेम पन्नास हजार.

मात्र एवढ्यावरून ठेकेदाराला चोर ठरवणेही चूकच. डक्टच्या भिंती, बाल्कनीच्या आतील बाजू, छज्जांचे वर-खालचे भाग, कठड्याची आतली बाजू हे सगळे घेर गुणिले उंचीत येत नाही आणि जुन्या इमारतींत ते बरेच असते. म्हणून विचारायचे ते इतकेच : ‘हे २६ हजार कुठून आले, त्याचा तक्ता द्या.’ तक्त्यात प्रत्येक दर्शनी बाजू, डक्ट, जिना वेगळा असावा. मोजमाप कसे करायचे, कोणत्या आकाराच्या उघड्या भागाची वजावट करायची याचे भारतीय मानक आहे, आयएस १२००. ‘मोजमाप आयएस १२०० नुसार’ ही एक ओळ करारात असली की पुढची बरीच भांडणे टळतात.

याच परिमाणाची उलटतपासणी रंगाच्या ड्रमवरून होते. रंग कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात एका लिटरमध्ये किती क्षेत्र होते ते छापलेले असते. दोन हातांसाठी लिटरमागे ५० चौरस फूट धरले, तर १८ हजार चौरस फुटांना ३६० लिटर, म्हणजे २० लिटरचे १८ ड्रम लागतील. २६ हजारांना २६ ड्रम. बिल २६ हजारांचे आणि आवारात रिकामे ड्रम १६, तर एक तर मोजमाप फुगले आहे किंवा रंगात पाणी जास्त पडले आहे. यामुळेच जाणत्या सोसायट्या रिकामे ड्रम आणि वॉटरप्रूफिंग रसायनांचे कॅन अंतिम बिलापर्यंत भंगारात जाऊ देत नाहीत.

प्लास्टर आणि आरसीसी दुरुस्तीचे गणित एवढे सरळ नाही. कुठले प्लास्टर पोकळ आहे हे परांची लागल्यावर, हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे सुरुवातीचे परिमाण अंदाजच असते आणि काम वाढणे स्वाभाविक आहे. ते किती वाढले आणि कोणी मोजले, हे मात्र कागदावर हवे. वाढीव कामालाही मूळ दरच लागू राहील आणि अंदाजापेक्षा ठरावीक टक्के जास्त झाल्यास आधी लेखी मंजुरी घ्यावी लागेल, अशी अट करारात असावी. पॉलिमर मॉर्टरच्या दरात जाडी लिहिलेली आहे का, हेही पाहावे. २५ मिलिमीटरचा आणि ४० मिलिमीटरचा चौरस फुटाचा दर एकच असू शकत नाही. जाडी न लिहिलेला दर म्हणजे पुढच्या वादाचे आमंत्रणच.

तीन कोटेशन घेतली की झाले?

नाही. तीन कोटेशनची प्रथा अनेक ठिकाणी निव्वळ विधी झाली आहे. तीनही कागद एकाच ठेकेदाराने आणलेले असतात, आणि त्याच्या कोटेशनपेक्षा दुसरे ५ टक्क्यांनी, तिसरे ८ टक्क्यांनी जास्त असते. तिन्हींत शुद्धलेखनाची चूक एकच असेल तर आणखी पुरावा लागत नाही! त्यावर उपाय म्हणजे परिमाणपत्रक सोसायटीने किंवा तिच्या अभियंत्याने तयार करावे, दराचे रकाने कोरे ठेवून ते सर्वांना द्यावे आणि बंद लिफाफे सभासदांसमोर उघडावेत. मग तुलना कामनिहाय दरांची होते.

तुलना करताना कर विसरू नये. एकाच्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यात ‘कर अतिरिक्त’ असे बारीक अक्षरांत, हा नेहमीचा घोळ आहे. २५ लाखांवर तो फरक साडेचार लाखांचा होतो. ठेकेदाराला पैसे देताना टीडीएस कापणे सोसायटीवर बंधनकारक आहे : ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर २ टक्के. ‘रोखीत द्या, जीएसटी वाचेल’ हा प्रस्ताव आला तर बिल, हमी आणि तक्रारीचा हक्क असे तिन्ही सोडून देण्याचा तो प्रस्ताव आहे, असे समजावे.

सर्वात स्वस्त निविदा घेतलीच पाहिजे असेही नाही. उंचावर काम करणाऱ्या मजुरांचा विमा, सुरक्षा पट्टे, जाळ्या यांचा खर्च गाळला की आकडा सहज खाली येतो. दर रास्त आहे का हे पाहायला सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची उपयोगी पडते, पण ती शेवटचा शब्द नव्हे. चिंचोळ्या गल्लीतील, राहत्या माणसांच्या इमारतीत, साहित्य डोक्यावरून वाहून नेण्याचे काम महाग पडणारच.

सल्लागार अभियंता असताना समितीने कशाला बघायचे?

कारण त्याचे मानधन बहुधा एकूण खर्चाच्या टक्केवारीत असते. बिल जितके मोठे, तितके मानधन मोठे. आणि तेच बिल तपासून प्रमाणित करायचे काम त्याचेच. यात कोणाची नियत वाईट असण्याची गरज नाही, रचनाच तशी आहे. मानधन ठोक रकमेत ठरवावे किंवा मूळ अंदाजापुरते मर्यादित ठेवावे. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी करायची असते. तो अहवाल लिहिणारा, ठेकेदार सुचवणारा आणि बिल पास करणारा एकच माणूस नसेल तर उत्तम.

लिफ्ट, सफाई, सुरक्षा या वार्षिक कंत्राटांत दोन गोष्टी पुरेत. लिफ्टचा करार सुट्या भागांसह आहे की केवळ देखभालीचा, आणि सुरक्षारक्षकांचे पीएफ-ईएसआयसीचे चलन बिलासोबत येते का.

समिती ऐकतच नसेल तर?

प्रश्न लेखी आणि सचिवांच्या नावे विचारावा, पुढच्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोणी किती खाल्ले’ असे लिहिणे टाळावे. त्यातून माहिती काही मिळत नाही, अब्रूनुकसानीची नोटीस मात्र मिळू शकते. ‘दर कसा काढला?’ या प्रश्नावर कोणाला चिडता येत नाही. कागदपत्रे पाहण्याचा आणि शुल्क भरून प्रती घेण्याचा हक्क तर साध्या सभासदालाही आहे. तेही नाकारले गेल्यास उपनिबंधक कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. एक-पंचमांश सभासदांनी अर्ज केल्यास कलम ८३ खाली चौकशी लागू शकते. पण ही वाट लांबची आहे आणि तोवर परांच्या उतरून पैसे गेलेले असतात.

म्हणून बिल देण्याची पद्धत आधीच ठरवून घ्यावी. आगाऊ रक्कम कमीत कमी, पुढचे हप्ते तारखेनुसार नव्हे तर झालेल्या कामानुसार, आणि प्रत्येक बिलाआधी ठेकेदार, अभियंता व समितीचा एक सदस्य यांनी मिळून केलेले मोजमाप, तिघांच्या सह्यांसह मोजमाप वहीत. परांची उतरवण्यापूर्वी वरच्या मजल्यांचे मोजमाप उरकावे, नंतर तिथे कोणी पोहोचत नाही. प्रत्येक बिलातून ५ टक्के अनामत राखून ठेवावी आणि ती पूर्णत्वाच्या दाखल्यावर न सोडता पुढचा एक पावसाळा गेल्यावर, वरच्या मजल्यावरील रहिवाशांकडून भिंती कोरड्या असल्याचे लेखी घेऊनच सोडावी.