हरिपूरची पेवे आणि हळदीचा रंग

सांगलीलगत, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेल्या हरिपूर गावी जमिनीच्या पोटात खणलेली पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या अंधाऱ्या विवरांच्या भरवशावर हळदीचा एवढा मोठा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या कसा चालत आला, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. तोंड अरुंद, पोट ऐसपैस, तळाला व कडेने पाचटाचा थर. शिजवून खडखडीत वाळवलेली हळकुंडे आत भरावयाची आणि तोंड मातीने लिंपून टाकावयाचे, एवढ्या बंदोबस्तावर माल वर्षानुवर्षे निर्धास्त राहत असे.

हळदीला पिवळेपण देणाऱ्या कर्क्युमिनचा स्वभाव पाहिला, म्हणजे या व्यवस्थेतील शहाणपण ध्यानी येते. व्होगेल आणि पेल्तिए यांनी १८१५ साली हे द्रव्य वेगळे काढले. त्याच्या रेणूची रचना उमगण्यास मात्र १९१० साल उजाडावे लागले. दोन वलयांना जोडणारी सात कर्बाणूंची साखळी निळा प्रकाश शोषते, म्हणून हळद पिवळी दिसते. परंतु त्याच शोषलेल्या ऊर्जेने साखळी तुटते आणि व्हॅनिलिन, फेरुलिक आम्ल असे निस्तेज तुकडे उरतात. हळदीचा डाग पडलेले धोतर उन्हात घातले की डाग विरतो, तो याच क्रियेने. पाण्यात विरघळलेले कर्क्युमिन तर त्याहून नाजूक: आम्लात ते बरेच टिकते, पण ७.२ सामूच्या द्रावणात, ३७ अंश सेल्सियसला, अर्ध्या तासात त्याचा सुमारे ९० टक्के भाग नाहीसा होतो.

पेवात प्रकाशाला मुळीच प्रवेश नाही, वाळल्या मालात पाणी नाममात्र, आणि कोंडलेल्या हवेतील प्राणवायू हळूहळू खर्ची पडून कार्बन डायऑक्साइड साचत जातो. म्हणूनच पेव उघडताक्षणी आत उतरणे जिवावरचे काम. आधी वारा खेळू द्यावा लागतो. माणसाला गुदमरवणारी ती हवा किड्यांनाही जगू देत नाही.

२००५ च्या महापुराने पुष्कळ पेवे बुडवली, आणि माल आता वखारींकडे व शीतगृहांकडे वळला आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. पण तीच हळद दळून, म्हणजे तिचा शतपट पृष्ठभाग प्रकाशाला व हवेला उघडा करून, पारदर्शक पिशवीत दुकानाच्या दर्शनी भागी टांगली जाते, हे मला अक्षम्य वाटते. हळकुंडे अखंड ठेवावीत, लागेल तेवढीच दळावीत आणि पूड झाकणाच्या अपारदर्शक डब्यात ठेवावी. त्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची गरज नाही.