मूलकोशिका उद्योगसंस्थेचे नेतृत्व

मानवी मूलकोशिकांपासून औषधे तयार करणाऱ्या कंपनीचे संचालन करणारा शास्त्रज्ञ, वैद्य व व्यवस्थापक यांचा गट. स्वतःसारख्याच नव्या कोशिका निर्माण करणारी आणि योग्य परिस्थितीत रक्त, अस्थी, तंत्रिका इत्यादींच्या विशिष्ट कोशिकांत रूपांतरित होऊ शकणारी कोशिका म्हणजे मूलकोशिका होय. रासायनिक औषधाची गोळी एकदा तयार झाली की तिच्यात सहसा मोठा बदल होत नाही. मूलकोशिका मात्र सजीव असते. शरीरात गेल्यावरही ती वाढू शकते, रूप पालटू शकते व प्रसंगी तिच्यापासून अर्बुदही होऊ शकते. शिवाय एकदा दिलेल्या कोशिका परत काढून घेता येत नाहीत. त्यामुळे अशा कंपनीत कोणता निर्णय कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न केवळ व्यवस्थापनाचा राहत नाही. तो रुग्णाच्या सुरक्षिततेचाही ठरतो.

इतिहास : ई. डॉनल टॉमस यांनी १९५७ मध्ये अस्थिमज्जेच्या प्रतिरोपणाचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. भारतात हा उपचार १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात प्रथम झाला. या काळात हे कार्य रुग्णालये व विद्यापीठे यांपुरते मर्यादित होते. जेम्स टॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणापासून मूलकोशिका वेगळ्या केल्या. त्यानंतर या क्षेत्राकडे भांडवलाचा ओघ वाढला आणि प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाच्या शेजारी व्यवस्थापक येऊन बसला.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण रिलायन्स लाइफ सायन्सेस या कंपनीचे होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ऑगस्ट २००१ मध्ये सरकारी अनुदानास पात्र अशा ६४ भ्रूणीय कोशिका-वंशक्रमांची यादी जाहीर केली. तीत जगातील १० संस्था होत्या. या यादीतील ७ वंशक्रम रिलायन्सचे आणि ३ बंगलोरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे होते. रिलायन्सच्या या कार्याचे नेतृत्व मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील वंध्यत्वचिकित्सक फिरुझा पारिख यांच्याकडे होते. प्रयोगशाळेतील गर्भधारणेचे तंत्र जाणणारी वैद्यक व्यक्ती आणि मोठ्या उद्योगसमूहाचे भांडवल यांचा हा संयोग होता. यादीतील एकूण वंशक्रमांपैकी सुमारे २० च पुढे संशोधकांना प्रत्यक्ष उपलब्ध होऊ शकले. नोंद होणे आणि वापरण्याजोगा पदार्थ हाती येणे यांतील अंतर यावरून ध्यानात येते.

रचना व कार्ये : नेतृत्वगटात सामान्यतः पाच जबाबदाऱ्या असतात. मुख्य कार्यकारी अधिकारी भांडवल उभारतो व कार्याचा अग्रक्रम ठरवतो. विज्ञानप्रमुख कोशिकांचा उगम, संवर्धन व रूपांतरण पाहतो. वैद्यकीय प्रमुख मानवी चाचण्यांची आखणी करतो. उत्पादनप्रमुखाकडे निर्जंतुक कक्ष व शीतसाठवण असते. गुणवत्ताप्रमुख प्रत्येक घाणीतील कोशिकांची जीवक्षमता, शुद्धता, निर्जंतुकता व गुणसूत्रांची स्थिती तपासून ती बाहेर सोडावयाची की नाही, हे ठरवतो. या पाचव्या व्यक्तीला विक्रीचे उद्दिष्ट असता कामा नये आणि तिचा नकार अंतिम असावा, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

नेतृत्व बदलले की संशोधनाची दिशाही बदलते. अमेरिकेतील जेरॉन या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णाला भ्रूणीय मूलकोशिकांपासून केलेल्या कोशिका प्रथम दिल्या. पुढच्याच वर्षी नवा मुख्य अधिकारी आला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये भांडवलाच्या कारणास्तव हे कार्य थांबविण्यात आले. सुरक्षिततेचा प्रश्न त्यामागे नव्हता. याउलट घाईचे परिणाम फ्लोरिडातील एका उपचारकेंद्रात दिसले. तेथे मेद ऊतकातील कोशिका डोळ्यांत टोचल्यामुळे तीन स्त्रियांची दृष्टी गंभीरपणे बाधित झाली. हा वृत्तांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

नियमन : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१३ च्या आवृत्तीत शीर्षकातील ‘उपचार’ हा शब्द वगळून केवळ ‘संशोधन’ ठेवण्यात आले, कारण रक्तविकारांवरील प्रतिरोपणाखेरीज अन्य उपयोग सिद्ध मानले गेले नव्हते. २०१७ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. संशोधन करणाऱ्या संस्थेत स्वतंत्र मूलकोशिका समिती असणे त्यांनुसार आवश्यक आहे. २०१९ च्या नियमांनी मूलकोशिकाजन्य पदार्थ ‘नवे औषध’ या व्याख्येत आणले.

सामान्य वाचकाचा या उद्योगाशी संबंध बहुधा नाळेतील रक्त साठविण्याच्या जाहिरातीतून येतो. ही जाहिरात आता अकोला जिल्ह्यातील बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावीही पोहोचू शकते. विदर्भातील काही समाजांत दात्रकोशिका पांडुरोग (सिकल-सेल) आढळतो. या रोगावर अस्थिमज्जेचे प्रतिरोपण उपयोगी पडते. परंतु रुग्ण बालकाच्या स्वतःच्या नाळेतील कोशिकांतही तोच जनुकीय दोष असतो. जनुकाची दुरुस्ती केल्याशिवाय त्या उपयोगी नाहीत. ऊतक जुळणाऱ्या निरोगी भावंडाच्या कोशिका मात्र उपयोगी पडू शकतात. ‘स्वतःसाठी साठवण’ या आश्वासनाची मर्यादा येथे उघड होते आणि २०१७ च्या तत्त्वांनीही अशा साठवणीस वैज्ञानिक आधार नसल्याचे म्हटले आहे.

म्हणून कंपनीच्या पत्रकातील नामावळी वाचताना पदव्यांची संख्या मोजून भागत नाही. गुणवत्तेची जबाबदारी कोणावर आहे, समितीचे सदस्य कंपनीबाहेरचे आहेत काय, चाचणीची शासकीय नोंद झाली आहे काय आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जातात काय, हे पाहावे लागते. ज्या नेतृत्वात ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेली व्यक्ती नाही, त्यात कितीही नामवंत असले, तरी ते या उद्योगास अपुरे ठरते.