घरट्याला हात न लावता होणारी शिकार

पावसाळा लागला की पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, "आम्ही फक्त फोटो काढतो, घरट्याला बोटही लावत नाही." त्याला जोडून दुसरं, "आणि मादी परत आलीच की!" एवढ्या भांडवलावर कोकणात तिबोटी खंड्याच्या बिळासमोर ट्रायपॉडची रांग लागते.

हात लावण्याचा मुद्दाच नाही. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूतही खोटीच. खाली पडलेलं पिल्लू उचलून घरट्यात ठेवलं, तर आईबाप बहुधा त्याला भरवू लागतात. नुकसान करतं ते आपलं तिथं उभं राहणं. आपण समोर असेपर्यंत चोचीत पाल किंवा खेकडा धरलेला खंड्या फांदीवर ताटकळतो आणि बिळात पिल्लं उपाशी राहतात.

टिटवीचं बघा. तिची अंडी उघड्या माळावर, ऐन उन्हाळ्यात. उबवणं म्हणजे नुसती ऊब देणं नव्हे. एप्रिलच्या दुपारी टिटवी अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तिला उठवून कोणी अर्धा तास फ्रेम जुळवत बसला, तर अंड्यांचं काय होतं हे सांगायला पक्षितज्ज्ञ लागत नाही. धनेशाची मादी तर ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट. तिचं आणि लहान पिल्लांचं पोट एकट्या नराच्या फेऱ्यांवर चालतं. माणसं बघून तो परत फिरला, तर आत दुसरी सोय नाही.

"परत आलीच की!" येणारच. अंडी तिथं आहेत, जाईल कुठं? पण ती नसताना कावळ्यानं किंवा टकाचोरानं घरटं हेरलं असेल, तर ते फोटोत दिसत नाही. 'फ्रेम स्वच्छ' करायला मोडलेली डहाळी हाच त्या घरट्याचा आडोसा होता. आणि रातवा अंड्यांवरून हलत नाही, तो धीट आहे किंवा आपल्याला सरावला आहे म्हणून नव्हे. न हलणं हाच त्याचा बचाव आहे.

हे भावनेपोटी सांगतोय असं वाटत असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ उघडा. कलम २(१६) मधल्या शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही येतं. त्याला बंदूक लागत नाही.

आता किरकोळ गैरसमज.

"मोठी लेन्स हवीच." जास्वंदीवर येणारा शिंजीर खिडकीपासून दोन-तीन मीटरवर असतो. साधी झूम लेन्स आणि सकाळचं कोवळं ऊन पुरतं.

"मोबाइलवर कॉल वाजवला की पक्षी खुशीनं येतो." नर येतो तो हद्दीत घुसलेल्याला हाकलायला. नसलेल्या शत्रूशी भांडण्यात त्याची चरायची वेळ जाते.

"पाव टाकला की पक्ष्यांचं भलं." पोट भरतं, पोषण होत नाही. उथळ भांड्यात रोज बदललेलं पाणी ठेवा. फोटोही जास्त चांगले मिळतील.

"जागा सांगायला काय हरकत आहे?" हरकत आहे, म्हणून तर पक्षीनोंदींचं संकेतस्थळ ई-बर्डसुद्धा संवेदनशील जातींच्या नेमक्या जागा झाकून ठेवतं.

फोटो सोडा असं कोणी म्हणत नाही. पक्षी नाहतात, चरतात, गातात, भांडतात. तेवढ्यात वर्ष सरेल. चालता चालता घरटं दिसलंच, तर पुढे निघा. आणि चोचीत चारा धरून एखादा पक्षी आत जायचा थांबलाय, सारखा ओरडतोय असं दिसलं, तर कारण शोधत बसू नका. कारण आपणच. कॅमेरा बॅगेत घाला आणि मागे फिरा.