अंगणवाडी : पैसा कुठे जातो, फायदा कुठे होतो

अंगणवाडी ही गरीब घरांतल्या मुलांसाठी देशातली सर्वांत मोठी बालवाडी आहे. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ गटांत प्रयोग म्हणून सुरू झाली. आज देशात जवळपास चौदा लाख अंगणवाड्या आहेत आणि त्यांतल्या एक लाखाहून अधिक महाराष्ट्रात आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे, मातांना आहार-आरोग्याची माहिती देणे आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे अनौपचारिक शिक्षण अशी सहा कामे या योजनेत येतात. ती सगळी गावात एक सेविका आणि एक मदतनीस मिळून सांभाळतात. लसीकरण आणि तपासणीसाठी आरोग्य खात्याची माणसे येतात, पण मुले गोळा करण्यापासून नोंदी ठेवण्यापर्यंतचे काम सेविकेकडेच असते.

योजनेहून ही कल्पना जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. दलित वस्तीतली मुले बालमंदिरापर्यंत येईनात, तेव्हा बालमंदिरच वस्तीच्या अंगणात नेण्यात आले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हाच विचार कुरणशाळेपर्यंत पोहोचला, कारण गुरे राखणारे मूल शाळेत येणार नसेल तर शाळेने कुरणात जायला हवे. शंख, शिंपले, बिया, पाने, खडे हीच तिथली साधने होती. ताराबाईंच्या अंगणवाडीत शिक्षण मध्यभागी होते. सरकारी अंगणवाडीत ती जागा आहाराने घेतली. देशातले कुपोषण पाहता ते चुकले असे म्हणता येत नाही, पण शिक्षणाच्या वाट्याला उरलेला वेळ आणि उरलेला पैसा आला.

हा पैसा दोन खिशांतून येतो. २०१४ पर्यंत आहार सोडून बाकीचा बहुतेक खर्च केंद्र उचलत असे. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेल्यावर केंद्राने अशा योजनांतून हात आखडता घेतला. २०१५-१६ च्या मूळ अंदाजपत्रकात या योजनेची तरतूद आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही खाली आली. वर्षाच्या मध्यात ती पुन्हा वाढवावी लागली. तेव्हापासून सर्वसाधारण राज्यांत चालू खर्चाची वाटणी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के, तर आहाराची निम्मी-निम्मी अशी आहे. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांना केंद्र ९० टक्के देते. आता ही योजना ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ या नावाने चालते आणि २०२५-२६ साठी केंद्राने तिला सुमारे २१,९६० कोटी रुपये दिले आहेत.

रक्कम मोठी वाटते, पण ती एका मुलापर्यंत पोहोचते तेव्हा काय उरते ते पाहण्यासारखे आहे. २०१७ साली ठरलेल्या दरानुसार एका मुलाच्या आहारासाठी दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी १२ रुपये आणि गर्भवती किंवा स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये धरलेले आहेत. हे दर ठरले तेव्हाच्या निकषानुसार एवढ्यात मुलाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवी होती. डाळीचा भाव चढला की ताटातली डाळ पातळ होते. ज्या राज्यांना हे पुरत नाही, ती पदरचे घालतात. महाराष्ट्राने आदिवासी भागात २०१५ पासून सुरू केलेली अमृत आहार योजना हे त्याचे उदाहरण. तिच्यातून मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळते आणि मुलांना अंडी किंवा केळी.

सेविकेला मिळते ते वेतन नसून मानधन आहे. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून ते दरमहा ४,५०० रुपये केले आणि मदतनिसाचे २,२५०. त्यावर राज्ये आपापली भर घालतात, म्हणून एकाच कामाचा मोबदला राज्याराज्यांत वेगळा असतो. महाराष्ट्रातली आजवरची वाढ बहुतेक वेळा मोर्चे आणि संप झाल्यावरच मिळाली आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निकाल दिला. त्यांना ‘मानसेवी’ म्हणत पूर्ण वेळ राबवून घेण्याच्या पद्धतीला त्याने पहिला मोठा धक्का दिला.

या खर्चातून काय साधते? हैदराबादजवळच्या २९ गावांत १९८७ ते १९९० या काळात काही गावांतल्या गर्भवतींना आणि लहान मुलांना अंगणवाडीतून पूरक आहार मिळाला, काहींत अजून योजना पोहोचली नव्हती. ती मुले पौगंडावस्थेत आल्यावर मोजली तेव्हा आहार मिळालेल्या गावांतली मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच भरली. त्यांच्यात मधुमेहाकडे नेणारी लक्षणेही कमी होती. पोटात गेलेल्या खिचडीचा हिशेब असा दहा-पंधरा वर्षांनी लागतो.

शिक्षणाच्या बाजूचा पुरावा तामिळनाडूतून आला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ३२० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या निम्म्या अंगणवाड्यांत फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ जास्तीची एक बाई नेमली. शिकवण्याचा वेळ दुपटीने वाढला आणि दीड वर्षात गणित आणि भाषा या दोन्हींत मुले लक्षणीय पुढे गेली. अनपेक्षित फायदा म्हणजे वाढ खुंटलेल्या आणि तीव्र कुपोषित मुलांचे प्रमाणही घटले, कारण मूळ सेविकेला आहार आणि आरोग्याकडे लक्ष द्यायला सवड मिळाली. या मुलांच्या पुढच्या कमाईचा अंदाज धरला तर खर्चाच्या तेरा ते एकवीस पट परतफेड होते, असे संशोधकांचे गणित आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या पेरी बालवाडीचा १९६२ ते १९६७ मधला प्रयोग अशा चर्चेत नेहमी पुढे केला जातो. त्यातली मुले चाळिशीत आल्यावरही कमाई आणि गुन्हेगारी या दोन्हींत फरक दिसला. पण त्यात मुले १२३ आणि दर मुलामागे खर्च भारी होता. भारतासाठी तामिळनाडूचा धडा अधिक उपयोगी आहे, कारण तो प्रयोग चालू सरकारी व्यवस्थेतच झाला आणि त्यात महाग असे काही नव्हते. माणूस एकच वाढवला होता.

दुसरा माणूस का लागतो, हे सेविकेचा दिवस पाहिला की कळते. वजने, घरपोच आहाराचे वाटप, गृहभेटी, पोषण ट्रॅकर ॲपवरच्या नोंदी, यातून अक्षरे, गाणी आणि खेळ यांना मिळतो तो तुकडा. मग ऐपत नसलेले पालकही पोटाला चिमटा काढून खासगी केजीची फी भरतात आणि मूल अंगणवाडीत नावापुरते उरते. नवीन शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मान्य केला. २०२३ पासून ‘पोषण भी, पढाई भी’ या कार्यक्रमातून सेविकांना प्रशिक्षणही दिले जात आहे. पण शिकवायला वेगळी व्यक्ती नेमण्याची तरतूद त्यात नाही.

कायद्याची स्थितीही अशीच लंगडी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अंगणवाडीच्या सेवा प्रत्येक बालकापर्यंत नेण्याचा आदेश दिला आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तिथला आहार हा मुलाचा हक्क ठरवला. शिक्षण हक्क कायदा मात्र सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधीच्या शिक्षणाची व्यवस्था सरकारने करावी की नाही, हे त्याचे अकरावे कलम सरकारच्याच इच्छेवर सोडते.