चित्रसंचिकेचा आकार कमी करणे

चित्रसंचिकेचा आकार कमी करणे म्हणजे डिजिटल छायाचित्र किंवा स्कॅन केलेले कागदपत्र ठरावीक किलोबाइटच्या मर्यादेत बसवण्यासाठी त्यातील पिक्सेलांची संख्या घटवणे, माहितीचे संक्षेपण करणे किंवा दोन्ही करणे होय. महाराष्ट्रात नोकरभरती, शिष्यवृत्ती आणि दाखल्यांचे अर्ज ऑनलाइन झाल्यामुळे ही क्रिया सर्वसामान्य अर्जदाराच्या नित्य गरजेची झाली आहे.

== मर्यादांचे स्वरूप ==
बँक कर्मचारी भरती घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या सूचनांत छायाचित्रासाठी २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर स्वाक्षरीसाठी १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी अशी मर्यादा आढळते. येथे दोन वेगळी मापे आहेत: पिक्सेल हे चित्राच्या लांबी-रुंदीचे, तर केबी हे संचिकेने व्यापलेल्या जागेचे माप होय. केवळ डीपीआयचा आकडा बदलल्याने यांपैकी कोणतेही माप बदलत नाही.

== पद्धत ==
आधी कातरणे, मग पिक्सेल घटवणे आणि शेवटी संक्षेपण, हा क्रम महत्त्वाचा आहे. ३००० × ४००० पिक्सेलच्या छायाचित्रात प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरल्यास ३ कोटी ६० लाख बाइट होतात. ते तसेच ५० केबीत बसवण्यास सुमारे ७०० पट संक्षेपण लागेल आणि चेहरा ओळखू येणार नाही. तेच चित्र २०० × २३० पिक्सेलचे केल्यास मूळ माहिती सुमारे १३५ केबी उरते; ती पावणेतीन पट आवळणे पुरेसे ठरते. मात्र न कातरता या मापात बसवल्यास चेहरा सुमारे १६ टक्के रुंद दिसतो.

== संक्षेपणाचे तत्त्व ==
१९९२ सालच्या जेपीईजी मानकात चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून डोळ्यास कमी जाणवणारा सूक्ष्म तपशील वगळला जातो. यामागील डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. वगळलेला तपशील परत मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी मूळ संचिकेपासूनच नवी प्रत करणे योग्य. संचिका किमान मर्यादेखाली गेल्यास ती ताणून मोठी केली, तरी हरवलेली स्पष्टता येत नाही. तसेच 'एचईआयसी' संचिकेच्या नावापुढे 'जेपीजी' लिहिल्याने तिचा प्रकार बदलत नाही.

== कागदपत्रे ==
ए-४ आकाराचा कागद २०० डीपीआयने स्कॅन केल्यास सुमारे ३९ लाख पिक्सेल मिळतात. संक्षेपणापूर्वी रंगीत प्रत सुमारे ११६ लाख, करड्या छटांची ३९ लाख, तर निव्वळ काळी-पांढरी सुमारे ५ लाख बाइट व्यापते. काळी-पांढरी प्रत सर्वांत लहान असली, तरी तीत फिकट शिक्का किंवा निळी स्वाक्षरी पुसली जाऊ शकते. सातबारा उतारा, शिधापत्रिका, गुणपत्रक अशा कागदांसाठी म्हणून करड्या छटा सोयीच्या ठरतात. मर्यादेत बसलेले पण न वाचता येणारे कागदपत्र संकेतस्थळ स्वीकारते. त्रुटी पुढे छाननीत निघते आणि तोवर अर्जाची मुदत संपलेली असू शकते. हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरसारख्या गावातून मोबाइलवर अर्ज भरणाऱ्यास पुन्हा कागद देण्यासाठी तालुक्याच्या गावी जावे लागणे हा वेळेचा आणि मजुरीचाही प्रश्न असतो. चढवण्यापूर्वी लहान केलेली प्रत पूर्ण आकारात उघडून नाव, क्रमांक, दिनांक आणि शिक्का वाचून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

== गोपनीयता ==
आकार कमी करून देणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर संचिका प्रथम त्यांच्या सर्व्हरवर जाते. आधार कार्ड किंवा बँक पासबुकाच्या प्रतींसाठी जिंप, पेंट यांसारखी स्वतःच्या संगणकावर चालणारी साधने अधिक सुरक्षित होत. मोबाइलच्या छायाचित्रात स्थळाची नोंदही दडलेली असू शकते. ती काढून टाकता येते.

== हे सुद्धा पहा ==
* जेपीईजी
* पीएनजी
* पिक्सेल