पावती आपल्याकडे, तरी संगणक म्हणतो 'नकली'!

परळला आमच्या ओळखीचे एक डीटीपीवाले चाचा आहेत. निकाहच्या उर्दू-मराठी पत्रिका, शाळांचे पेपर, सगळे त्यांच्याकडे होते. सॉफ्टवेअर रीतसर पैसे मोजून घेतलेले. त्यासोबत बोटाएवढे एक कुलूप मिळाले होते. त्याला डाँगल म्हणतात. ते संगणकाच्या मागे लावले तरच सॉफ्टवेअर चालते.

जुना संगणक बंद पडला, नवा आणला, तर त्याला ते डाँगल लावायची जागाच नाही! आमच्या शाळेची सहामाहीची उर्दू प्रश्नपत्रिका त्याच फाइलमध्ये अडकली. परीक्षा दोन दिवसांवर. गल्लीतला एक पोरगा म्हणाला, "चाचा, क्रॅक टाकून देतो, पाच मिनिटांत." चाचा म्हणाले, "पैसे देऊन घेतलेय बेटा, चोरी कशाला करू?" शेवटी लालबागच्या एका दोस्ताच्या जुन्या संगणकाला डाँगल लावून रात्री पेपर निघाला.

डाँगलची जागा आता बहुतेक ठिकाणी अॅक्टिव्हेशनने घेतली आहे. 2001 मध्ये विंडोज एक्सपीसोबत ते घरोघरी पोचले. आपण की टाकतो, तेव्हा संगणकाच्या भागांवरून तयार झालेली एक खूण कंपनीकडे जाते. लॅमिंग्टन रोडवर मदरबोर्ड बदलून आणला, की ती खूण जुळत नाही आणि संगणक परत पुरावा मागतो. कधी चूक कंपनीचीच असते. ऑगस्ट 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी सर्व्हरमध्ये बिघाड झाला आणि पैसे भरून घेतलेल्या विंडोजलाही सुमारे 19 तास 'अस्सल नाही' असा शेरा मिळत होता.

म्हणजे चोरासाठी लावलेले कुलूप मालकालाच अडवते. म्हणून क्रॅक वापरायचा का? अजिबात नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63ब प्रमाणे जाणूनबुजून नकली सॉफ्टवेअर वापरले तर 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापरले नसेल, तर कोर्ट कैद माफ करू शकते. शिवाय क्रॅकसोबत व्हायरस येतो तो वेगळाच. याच कायद्याचे कलम 52 मात्र आपल्या बाजूचे आहे. सॉफ्टवेअर खराब झाले किंवा हरवले तर म्हणून, कायदेशीर मालक त्याची बॅकअप प्रत ठेवू शकतो.

मग आपण काय करावे?

- पावती, की आणि खरेदीचा ईमेल एका फाइलमध्ये ठेवा. मोबाइलवर फोटोही काढा.
- दुरुस्तीला देण्याआधी विंडोजचे लायसन्स आपल्या अकाउंटला जोडून घ्या. लॅपटॉपसोबत आलेले लायसन्स बहुधा त्याच मदरबोर्डला बांधलेले असते, हे दुकानदारालाही सांगा.
- महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये ठेवा, सोबत पीडीएफही करा. मग तो कुठल्याही संगणकावर उघडतो.
- लिबरऑफिस आणि नोटो नस्तालिक उर्दू हा फाँट दोन्ही मोफत आहेत, तेही कायदेशीर. मुलांच्या प्रोजेक्टला एवढे पुरते.

चाचांनी आता जुन्या फाइली एकेक करून युनिकोडमध्ये आणायला घेतल्या आहेत. शाळेतली दोन मुले रविवारी मदतीला जातात. आम्हीही यंदाचे सगळे पेपर दोन ठिकाणी ठेवले आहेत.